सर्व भाषांतील टायपिंग करून मिळेल

उमापूर, ता. गेवराई
१२ ऑगस्ट २०२४

अंगद,

आशीर्वाद लिहावा की नुसतं नाव लिहावं, यात दहा मिनिटं गेली. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला पंधरा महिने झाले. फोन नाही तर नाही, पत्र आहे. पत्राला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही.

दुकान बरं चाललंय. प्रवेशाचे फॉर्म संपले, आता गणपतीचे बॅनर. यंदा प्रत्येक मंडळाला बॅनरवर चाळीस कार्यकर्त्यांचे फोटो पाहिजेत, गणपतीला जागाच उरत नाही. काल एकाचा फोटो राहिला तर तो दुकानासमोर मोटरसायकल आडवी लावून बसला. मग त्याला मोदकाच्या ताटलीच्या जागी बसवला.

आई शुक्रवारी तुझ्याशी व्हिडिओवर बोलते तेव्हा मी ओसरीवरच असतो, फक्त फोनसमोर येत नाही. मागच्या शुक्रवारी मी तिच्याजवळ तांब्या ठेवायला वाकलो, माझा नुसता हात दिसला असेल, तर तू रेंज नाही म्हणून फोन ठेवलास. नंतर आई मला म्हणाली, "अंगद्या गाडीवर हाय ना? मग मागं मेंढरं कावून वरडत्यात?"

मी म्हणालो, शेजारी टीव्ही लागला असेल. पण ती धुळाजीची, आपल्या आप्पांची, बायको आहे, तिची चाळीस वर्षं मेंढरांत गेली. म्हणाली, "टीव्ही न्हाई त्यो. शंभराच्या वर हायेत. आन् त्यात येक कोकरू आजारी हाय."

म्हणजे तू तिला अजून सांगितलेलं नाहीस. इथून ड्रायव्हर म्हणून गेलास आणि तिकडे सौदीत पुन्हा मेंढरांमागेच उभा राहिलास, हे घरात मला एकट्यालाच माहीत आहे.

त्या एजंटाचा नंबर मी अजून लावतो, बंद येतो. तोंडानं ड्रायव्हर म्हणाला आणि अरबी कागदात भलतंच घातलं. त्यानं तुलाही फसवलं आणि मलाही. यात मी काय करणार होतो? राग धरायचा तर त्याच्यावर धर.

पुढच्या एप्रिलमध्ये तुझी दोन वर्षं संपतात. त्याआधी मालक आणखी दोन वर्षांच्या कागदावर सही मागतात, असं तिकडून आलेले लोक सांगतात. सही करू नकोस. घरी ये. एवढ्यासाठीच हे पत्र.

पत्ता तुझ्या कागदाच्या झेरॉक्सवरून घेतला. मोबाईलनं फोटोतली अरबी अक्षरं उचलून दिली, ती मी आपल्या लग्नपत्रिकांच्या सॉफ्टवेअरमध्ये चिकटवली, कारण पाकिटाचं माप त्यातच बसवलेलं आहे. ठळक केलं, मधोमध घेतलं. दुकानाच्या बोर्डावर 'सर्व भाषांतील टायपिंग करून मिळेल' असं आठ वर्षांपूर्वी रंगवून घेतलं होतं. आज ते खरं झालं.

रामेश्वर


उमापूर
२१ ऑक्टोबर २०२४

अंगद,

पत्र मिळालं असेल आणि वाचून चुलीत घातलं असशील, असं धरून हे दुसरं लिहितोय. तिकडे चूल आहे की गॅस, तेही मला ठाऊक नाही.

आप्पांची मेंढरं सध्या पाण्याच्या बाजूला बसवलीत. गुडघे दुखतात म्हणतात, पण चालणं काही सोडत नाहीत. परवा म्हणाले, अंगद गाडीवर असला तर बरंय, त्याचे गुडघे तरी राहतील. मी मान हलवली. मान हलवायला मला चांगलं जमतं, हे तुला माहीत आहे.

एक सांगायचं राहिलं. तू कागद घेऊन दुकानात आलास त्या दिवशी गर्दी फार होती. लग्नसराई होती. विठ्ठलरावांच्या मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ चाललं होतं आणि त्यांच्याकडचे पाच-सहाजण 'आपले नम्र'मध्ये कोणाचं नाव वर घ्यायचं म्हणून भांडत होते. अशा गडबडीत मी कागद जमेल तेवढा बघितला होता. गर्दी नसती तर आणखी नीट बघितला असता. बाकी काही नाही.

आईला त्या कोकराची काळजी लागली आहे. तुला विचारता येत नाही, कारण तू ड्रायव्हर आहेस. म्हणून मलाच विचारते, कोकरू जगलं का रे. मी काय सांगू?

पाकीट मागच्यासारखंच छापलं आहे, यावेळी बारीक सोनेरी किनार दिली आहे.

रामेश्वर


उमापूर
१९ डिसेंबर २०२४

अंगद,

दोन्ही पत्रं परत आली. एकाच दिवशी आली. पोस्टमननं सोनेरी किनारवालं पाकीट हातात देत विचारलं, कोणाचं लग्न मोडलं?

पाकिटांवर तिकडचा शिक्का होता, अरबीत. मला तो वाचता येईना. त्याच वेळी बिलकिस मॅडम पेन्शनच्या कामाला दुकानात आल्या होत्या. गेवराईच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, तुला आठवत असतील, पांढरी छत्री घेऊन फिरतात. मी पाकीट त्यांच्यापुढे केलं. त्यांनी शिक्का नंतर बघितला, आधी माझा पत्ता बघितला. बराच वेळ बघितला.

"रामेश्वर, हे काय छापलंय बाबा? ही अक्षरं एकमेकाला धरून चालत्यात. तू समद्यांना सुटं केलं, आन् वर उलट्या रांगेत उभं केलं."

झालं होतं ते असं. आपलं पत्रिकांचं सॉफ्टवेअर जुनं, मराठी फाँटसाठी बसवलेलं. त्याला उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी ठाऊकच नाही. चिकटवलेला पत्ता त्यानं डावीकडून मांडला आणि एकेक अक्षर तोडून ठेवलं. माझ्या डोळ्यांना ते नक्षीदार दिसलं, म्हणून मी ठळक केलं. इंग्रजीत नुसतं देशाचं नाव होतं. त्यामुळे पत्रं त्या देशापर्यंत गेली, तिथल्या पोस्टात कोणाला पुढचं अक्षर लागलं नाही, आणि ती घरी आली.

मग मॅडमनी शिक्का वाचला. म्हणाल्या, पत्ता समजत नाही, परत पाठवा, असं काहीतरी असावं. "पर नक्की न्हाई सांगता येत. कुराण वाचती मी, उर्दू तीस वर्सं शिकवली. अरबीचा अर्थ मला अर्धाच लागतो."

हे त्यांनी किती सहज सांगितलं म्हणून सांगू. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. जन्मभर मास्तरकी केलेली बाई चारचौघांत म्हणाली की मला अर्धाच अर्थ लागतो, आणि छत्री बाजूला ठेवून पाणी प्यायली. कोणी हसलं नाही.

त्या गेल्यावर मी दोन्ही पाकिटं फोडून माझीच पत्रं वाचली. बरं झालं तुला मिळाली नाहीत. दोन्हीत मी खोटं लिहिलं आहे. पहिल्यात एजंटाच्या आड लपलो आणि दुसऱ्यात गर्दीच्या.

आता खरं लिहितो. त्या दिवशी तू कागद ठेवलास आणि म्हणालास, दादा, यात ड्रायव्हरच लिवलंय ना, बघ. विठ्ठलराव हसून म्हणाले, अरबी पण येती का तुला? आणि मी म्हणालो, बोर्ड वाचला न्हाई का? मग मी चष्मा लावला, कागदावर बोट फिरवलं, आणि सगळ्यांदेखत तुला सांगितलं, "ड्रायव्हरच हाय. कर सही."

मला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, अंगद. सुरुवात कुठून होते तेही येत नव्हतं. नाही येत म्हणालो असतो, तर तू कागद बीडला नेऊन कोणाकडून तरी वाचून घेतला असतास. अर्ध्या दिवसाचं काम होतं. गर्दी नसती तरी मी तेच केलं असतं. आपल्या घरात कॉम्प्युटरवाला मी एकटा, आणि मला येत नाही असं काही असू शकतं हे मी तुलाच काय, स्वतःलाही कधी कळू दिलं नाही.

तिकडे गेल्यावर महिन्याभरानं तुझा एकच फोन आला. तू शिवी दिली नाहीस. नुसतं म्हणालास, "दादा, हितं समदे उजवीकडून वाचत्यात. तू डावीकडून बोट फिरवलं व्हतंस." आणि मी काय बोललो? एजंटानं फसवलं रे आपल्याला. त्यानंतर तू मला ब्लॉक केलंस. मी तुझ्या जागी असतो तरी केलं असतं.

पण आई-आप्पांना तू आजपर्यंत काही सांगितलं नाहीस. मेंढरांमागे उन्हात उभा राहून ड्रायव्हर आहे म्हणून सांगत राहिलास, आणि तेही मला त्यांच्यासमोर खाली बघायला लागू नये म्हणून. याची मला लाज वाटते.

ती दोन्ही पत्रं सोबत घालतो आहे. वाच आणि ठेव. पण हे पत्र आज टाकत नाही. आधी मला तुझा पत्ता नीट लिहिता यायला पाहिजे.


६ जानेवारी २०२५, तेच पत्र पुढे

अठरा वर्षं मी डोळे मिटून मराठी टाईप करतो आहे. गेले पंधरा दिवस एका बोटानं अरबी टाईप करतो आहे आणि मॅडम शेजारी स्टुलावर बसून माझ्या बोटावर नजर ठेवतात.

कॉम्प्युटरमध्ये भाषा जोडायला दोन मिनिटं लागतात. सेटिंगमध्ये गेलं की जगातल्या भाषांची यादी येते. ही सोय माझ्या टेबलावर पहिल्यापासून होती आणि मी आठ वर्षं बोर्ड टांगून बसलो होतो. अरबी निवडली की खाली कोपऱ्यात खूण बदलते आणि बटणं तीच राहून अक्षरं दुसरी येतात. H दाबला की अलिफ येतो, G दाबला की लाम. पत्रिकेच्या उरलेल्या स्टिकर कागदाचे बारके चौकोन कापून प्रत्येक बटणावर अक्षर लिहून चिकटवलं. आता मराठी फॉर्मवाले येतात आणि विचारतात, हे काय झालंय तुझ्या कीबोर्डला?

कर्सर उजव्या कडेला जाऊन उभा राहतो आणि तुझ्याकडे पाठ करून चालायला लागतो. खोडायला गेलं की नको ते खोडतं. अक्षर एकटं असलं तर एक रूप, पुढचं आलं की त्याला हात देण्यासाठी दुसरं रूप. पहिल्या दिवशी एका ओळीला पाऊण तास लागला. मॅडम म्हणाल्या, पहिलीच्या पोरापेक्षा बरं हाय.

तुझा कागद मी नव्यानं काढला. एकेक अक्षर बघून तो पूर्ण टाईप केला, म्हणजे डोळा चुकवून पुढे जायची सोयच राहत नाही. तिसऱ्या ओळीत तुझं नाव आहे. पावणेदोन वर्षं कागद माझ्या कपाटात होता आणि तुझं नाव त्यात कुठं आहे हे मला मागच्या आठवड्यात कळलं. त्याच्या खालच्या ओळीत कामाचं नाव आहे. चार अक्षरं. मी टाईप केली आणि मॅडमनी वाचली: राई. म्हणजे मेंढपाळ. हा शब्द त्यांना पक्का माहीत होता. एजंट खोटं बोललाच, पण कागद खोटं बोलला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी घरी सांगितलं. आईनं ताट बाजूला सरकवलं. आप्पांनी दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. मग म्हणाले, "मेंढरामागं ऱ्हायात काय कमीपना न्हाई. पर त्याला इचारून न्यायचं व्हतं." ते मला म्हणाले की एजंटाला, ते मी विचारलं नाही.

आई मात्र माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाली, मग त्या कोकराचं आता त्यालाच विचारता येईल.

सोबत आणखी एक कागद आहे, तो तुझ्या मालकाला दे. सात ओळींचा आहे. मी मराठीत सांगितलं, मॅडमना जमलं तेवढं त्यांनी केलं, आणि जिथं जमलं नाही तिथं आम्ही दोघं बसनं बीडला गेलो. तिथे अरबी शिकवणारे एक मौलाना आहेत, त्यांनी वाक्यं बसवून दिली. टाईप मी केलं. त्यात लिहिलं आहे की मी या माणसाचा थोरला भाऊ. कागद मला वाचता येत नव्हता आणि मी वाचला असं त्याला सांगितलं. त्यात त्याची चूक नाही आणि तुमचीही नाही. तो ड्रायव्हर समजून तुमच्याकडे आला. मेंढरं तो चांगली सांभाळत असेल, कारण ते त्याच्या घरातलं काम आहे. पण मुदत संपल्यावर त्याला घरी यायचं असेल, तर त्याला येऊ द्या.

तुला तो कागद द्यायचा नसेल तर देऊ नकोस.

पत्ता मी पत्रिकांच्या सॉफ्टवेअरला दाखवलासुद्धा नाही. साध्या पाकिटावर साधा छापला, मॅडमनी तीनदा वाचला. बोर्डही उतरवला आहे. रंगवणाऱ्या परमेश्वरला नवा मजकूर दिला: मराठी, हिंदी, इंग्रजी टायपिंग. त्याखाली बारीक अक्षरांत: अरबी शिकणे चालू आहे. परमेश्वर म्हणाला, असं कोणी बोर्डावर लिहितं का?

तुझा, लाज वाटणारा पण तुझाच,
दादा


उमापूर
११ मार्च २०२५

अंगद,

हे पोस्टानं पाठवत नाही, फोटो काढून पाठवतो. कारण आता पाठवता येतं.

आज दुपारी दुकानात होतो. विठ्ठलराव आले होते, यावेळी पुतण्याच्या पत्रिकेसाठी. टेबलावर फोन वाजला, बघतो तर तुझं नाव. बावीस महिन्यांनी. दोन फोटो, आणि तुझा आवाज. सगळ्यांसमोर लावला, मला थांबवेना.

"दादा, तुजं पत्र मालकाला दिलं. त्यानं घरी बोलावून च्या पाजला, लई येळ बसवलं. आता दोन कागद दिलेत. येक घरला यायचा, येक अजून दोन वर्सं ऱ्हायाचा. मी घरला येनार हाय. कोणता कोणता ते त्यानं सांगितलंय मला, पर तू वाचून सांग. सावकाश बघ. आन् आईला सांग, कोकरू जगलं."

तुला माहीत असूनही तू मला वाचायला सांगितलंस. मी तुझा आवाज दोनदा ऐकला. विठ्ठलरावांनी विचारलं, काय लिहिलंय रे कागदात? मी म्हणालो, लगेच नाही सांगता येत मला, वेळ लागेल, तुमची पत्रिका उद्या करतो. ते गेले. रागावून नाही गेले, उलट जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दोन्ही कागद टाईप करायला बसलो, मॅडमनाही बोलावून घेतलं. पहिला कागद घरी यायचा आहे. तुझं नाव दुसऱ्या ओळीत आहे, तारीख आठ एप्रिलची आहे. पासपोर्ट तुझ्या हातात द्यायचा, असं पाचव्या ओळीत आहे. दुसरा कागद राहायचा, त्यावर पुन्हा तीच चार अक्षरं आहेत, त्याला हात लावू नकोस.

पण पहिल्या कागदात सहाव्या ओळीतला एक शब्द मला लागत नाही. मॅडमनाही लागत नाही. अंदाज आहे, मोबाईलचाही आहे, पण अंदाजावर मी तुला सांगणार नाही. उद्या पहिल्या गाडीनं बीडला मौलानांकडे जातो. तोवर सही करू नकोस.

आईला कोकराचं सांगितलं. ती नुसती हं म्हणाली आणि उठून तव्यावर भाकरी टाकली. आप्पा तिथेच बसले होते. म्हणाले, जगनारच, कोणाचा हात लागलाय.


१२ मार्च, बीड बसस्थानक

शब्द लागला. परतीच्या प्रवासाची सोय मालकाकडून, असा त्या ओळीचा अर्थ आहे. मौलानांनी आधी पूर्ण कागद मला वाचायला लावला, मग सांगितलं.

वाचला, अंगद. उजवीकडून बोट ठेवून, सगळ्या ओळी वाचल्या.

कर सही.

दादा